एकांड्या माशीचे बिऱ्हाड : काळी, पांढरी आणि कात्रजचा उतार

कात्रजचे नाव निघाले की इतिहासप्रेमींना हमखास दोन गोष्टी आठवतात. पहिली आख्यायिका आहे : १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालावर छापा घातल्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगली फौजेला कात्रजच्या घाटाकडे चकवले, ही. दुसरी गोष्ट दगडचुन्याची आहे : नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास बांधवलेला कात्रजचा तलाव आणि तेथून जमिनीखालून शहरात आणलेले पाणी. या धाग्याचा विषय मात्र या डोंगराच्या अशा एका रहिवाशाचा आहे, ज्याची नोंद ना बखरीत सापडते ना दफ्तरात. तो रहिवासी म्हणजे मोहोळ न बांधणारी, एकट्याने घर करणारी मधमाशी.

मधमाशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोहोळ उभे राहते. वस्तुतः जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जातींना मोहोळ ठाऊकच नाही. त्यांच्यात राणी नाही, कामकरी माश्या नाहीत, साठवलेल्या मधाची पोळी नाहीत. एकटी मादी जागा शोधते, बीळ खणते किंवा आयते भोक ताब्यात घेते. त्यात एक कोठडी करून ती परागाचा व मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि दार लिंपून टाकते. मग दुसरी कोठडी, तिसरी कोठडी. काही आठवड्यांत तिचे आयुष्य संपते. पिल्लू पंख घेऊन बाहेर पडते तेव्हा त्याला शिकवायला आई जिवंत नसते.

अशा माशीला मराठीत काय म्हणावे? पेशवाईच्या घोडदळात खासगी पागा, शिलेदार आणि पेंढारी यांखेरीज ‘एकांडे’ नावाचा एक वर्ग होता. कोणत्याही सरदाराच्या पथकात न मोडणारा, स्वतःचे घोडे आणि स्वतःची हत्यारे घेऊन एकट्याने चाकरीस राहणारा स्वार तो एकांडा. या माशीला यापेक्षा चपखल शब्द मिळणे कठीण. म्हणून येथे तिला एकांडी माशीच म्हटले आहे.

एकांडी माशी घराची जागा कशी निवडते, हा प्रश्न वरकरणी प्राणिशास्त्राचा आहे. परंतु दख्खनच्या पठारावर तो इतिहासाचाही होतो. कारण येथे माणसाने घरासाठी निवडलेली जागा आणि या माशीने निवडलेली जागा फार मोठ्या कालखंडात जवळजवळ एकच राहिली. त्या दोघांची फारकत अगदी अलीकडची आहे, आणि तिची कारणे तारखेनिशी सांगता येतात.

आधी साधनांविषयी. आपल्याकडे कीटकांकडे कोणी पाहिलेच नाही असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार दिले आहेत : माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. ही वर्गवारी बारकाईने केलेली आहे, पण तिचा निकष मध हा आहे. जो कीटक मध देतो त्याला नाव मिळते, औषधात स्थान मिळते, बाजारात किंमत मिळते. जो देत नाही तो वर्गवारीबाहेर राहतो. एकांडी माशी शतकानुशतके या निकषावर नापास होत आली. तिच्या घरातून ना मध निघतो ना मेण, त्यामुळे तिच्यावर कर नाही, म्हणून कागद नाही.

तरीही ती साहित्याच्या फटीतून डोकावते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात युद्धभूमीवर स्नेहाने विरघळलेल्या अर्जुनाला भ्रमराची उपमा दिली आहे : वाळलेले लाकूड सहज कोरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. कळीत अडकण्याचा भाग कविसंकेताचा आहे. परंतु लाकूड कोरण्याचा भाग थेट निरीक्षणाचा आहे आणि तो अचूक आहे. काळा, जाडजूड, गुंजारव करीत फिरणारा आपला भुंगा हा एकांड्या माश्यांच्याच कुळातला. तो ओल्या, जिवंत झाडाच्या वाटेला सहसा जात नाही; त्याला साल निघालेले, वाळलेले, न कुजलेले लाकूड किंवा बांबू लागतो. तो लाकूड खात नाही, केवळ कोरतो, आणि जुने बीळ मोकळे सापडले तर त्याचीच डागडुजी करून राहतो. खरे तर ‘तो’ म्हणणेही चूक आहे. कोरण्याचे काम मादी करते.

दुसरी फट वेदान्ताची. कीटक-भृंग न्याय अनेकांनी ऐकला असेल : मातीच्या घरात कोंडलेली अळी भृंगाच्या ध्यासाने स्वतःच भृंग होते. येथे घडते ते असे. कुंभारीण मातीचे घर बांधते, नांगी मारून लुळी केलेली अळी आत ठेवते, अंडे घालते आणि दार बंद करते. पाहणाऱ्याने आत जाताना अळी पाहिली व बाहेर येताना कुंभारीण पाहिली. दोन्ही निरीक्षणे खरी, मधला दुवा चुकीचा. कुंभारीण ही मधमाशी नव्हे, शिकारी गांधीलमाशीची नातलग आहे. पण मातीच्या बंद कोठडीकडे आपल्या पूर्वजांचे लक्ष होते, एवढे या न्यायावरून निश्चित दिसते.

युरोपातही या घरांचे कोडे सुटण्यास वेळ लागला. १७३६ ची गोष्ट आहे. बाजीराव दिल्लीवर धडकण्याच्या आदल्या वर्षीची. फ्रान्समध्ये रुआँ शहराजवळच्या एका मळ्यात माळ्याला जमीन खणताना पानांच्या सुबक सुरळ्या सापडल्या. हिरव्या पानांचे गोल तुकडे एकात एक बसवून कोणी तरी त्या जमिनीत पुरल्या होत्या. माळ्याने त्यांचा अर्थ करणी असा लावला. गावच्या धर्मगुरूलाही तसेच वाटले. अखेर मालक त्या माळ्याला आणि त्या सुरळ्यांना घेऊन पॅरिसला आला आणि नोले नावाच्या विद्वान पाद्र्याला भेटला. नोलेने त्या रेओम्यूर या निसर्गशास्त्रज्ञाकडे नेल्या. रेओम्यूरने सुरळी उलगडून आतली अळी दाखवली. ती करणी पाने कापणाऱ्या माशीची होती. याच कुळातल्या माश्या पुण्यातही आहेत. गुलाबाच्या पानाच्या कडेला जणू कात्रीने कापावा तसा अर्धगोल दिसला की काम तिचे समजावे.

भारतातील एकांड्या माश्यांविषयीची एक लक्षणीय नोंद १८७० च्या सुमाराची आहे. चार्ल्स हॉर्न हा बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी तेव्हाच्या वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, नोकरीस असताना बंगल्यात येणाऱ्या माश्यांवर लक्ष ठेवून होता. मेगाकाईल लॅनाटा ही माशी चिखलाने कोठड्या बांधते. तिची नैसर्गिक जागा म्हणजे बांबूसारखी पोकळ नळी. परंतु हॉर्नला तिची घरे बंदुकीच्या नळीत आढळली आणि उघड्या राहिलेल्या पुस्तकाच्या पाठीमागील पोकळीतही आढळली. १८५७ नंतरच्या उत्तर हिंदुस्थानात साहेबाच्या बंदुकीच्या नळीत माशीने पिल्ले वाढवावीत, हा योगायोग कोणा कादंबरीकाराला सुचला असता तर अतिरंजित म्हणून सोडून द्यावा लागला असता.

पण या विचित्र जागांतच निवडीचे गमक आहे. माशीला बंदूक कळत नाही, पुस्तक कळत नाही. तिला कळते ते एवढेच : एक अंधारे तोंड, अंगाच्या मापाची रुंदी, आत पुरेशी खोली आणि कोरडेपणा. घर पाहणारी मादी भिंतीलगत खालून संथ उडत जाते, प्रत्येक काळ्या ठिपक्यापाशी थबकते, आत शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते. पसंत पडल्यावर ती लगेच कामाला लागत नाही. दाराकडे तोंड करून ती मागे सरकत हवेत वाढते अर्धगोल काढते. आजूबाजूचा दगड, खुंटी, रोपटे यांची खूण मनात ठेवते. ती खूण हलवली तर परतलेली माशी गोंधळते.

रुंदीला किती महत्त्व आहे, ते झां-आँरी फाब्र या फ्रेंच शिक्षकाने दाखवून दिले. त्याने आपल्या अभ्यासिकेत एकांड्या माश्यांना वेळूचे तुकडे आणि काचेच्या नळ्या देऊ केल्या आणि काचेतून त्यांचा संसार पाहिला. नळीच्या तळाच्या कोठड्यांत मादीची अंडी आणि दाराशी नरांची, हा क्रम त्याला दिसला. नर लवकर तयार होतात, म्हणून ते दाराशी. परंतु नळी फार अरुंद दिली तर माशी त्यात नरांचीच अंडी घालते. मादी पिल्लाला मोठी कोठडी आणि जास्त शिधा लागतो. म्हणजे घराची रुंदी ही पुढच्या पिढीत मुली किती व मुलगे किती, हे ठरवणारी बाब आहे. हल्ली बाजारात मिळणारी ‘बी हॉटेल’ नावाची लाकडी खोकी घेताना भोकांची मापे कोणी पाहत नाही, हे येथे जाता जाता नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही.

येथवर नळ्यांत राहणाऱ्यांची कथा झाली. एकांड्या माश्यांतील बहुसंख्य मात्र जमिनीत राहतात, आणि त्यांची निवड समजायला माती समजावी लागते.

जमिनीत घर करणाऱ्या माशीचा मुख्य शत्रू पाणी आहे. कोठडीत पाणी शिरले की परागाचा गोळा बुरसटतो व अळी मरते. म्हणून तिला निचऱ्याची जमीन हवी. ती खणता येण्याइतकी मऊ, पण बीळ कोसळणार नाही इतकी घट्ट हवी. वर गवताची दाट गादी नको, उघडी माती हवी. आणि जवळच फुलोरा हवा. युरोपीय पुस्तकांत आणखी एक अट असते, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उबदार उताराची. ती अट येथे जशीच्या तशी घेणे योग्य नव्हे. पुण्यात मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य नेमका डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस होतो. ऊब मिळवणे ही फ्रान्समधल्या माशीची चिंता. दख्खनच्या माशीला उन्हाळ्यात उष्म्यापासून कोठडी वाचवायची असते.

आता दख्खनची जमीन पाहू. खोऱ्यांत काळी माती आहे. ती कापसाला, ज्वारीला उत्तम. पण पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडून फाटते. तिच्यावर बांधलेली भिंत तडकते. तिच्यात खणलेल्या बिळाचीही गत वेगळी होण्याचे कारण नाही. म्हणून मराठी गावाने जमिनीचे दोन भाग केले. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या कागदांत ‘काळी-पांढरी’ म्हणजे अख्खे गाव; शेतीही आली आणि घरेही आली. पांढरीची माती फिकट, कमी फुगणारी, भिजवून तुडवली तर दगडासारखी बसणारी. तिचे भेंडे पाडायचे, त्यांच्या भिंती उभारायच्या, धाब्यावरही तीच माती घालायची. ‘घर बांधायला योग्य, पेरायला अयोग्य’ अशी ही माती. जिला पाणी, भेग आणि फुगवटा नको आहे, अशा माशीसाठी याहून नेमके वर्णन करता येणार नाही. माणसाने आणि माशीने एकमेकांना न विचारता एकच जागा पसंत केली.

ही पसंती किती जुनी? पुण्याच्या पूर्वेस घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली. तिथे कुडाची व मातीची घरे मिळाली. आधी ऐसपैस चौकोनी, आणि अखेरच्या काळात लहान गोल झोपड्या. हा बदल पर्जन्यमान घटल्याचा परिणाम असावा, असे उत्खननकर्त्यांचे मत होते. म्हणजे या प्रदेशात मातीची भिंत किमान तीन हजार वर्षे उभी आहे. योगायोग असा की ज्या शतकांत इनामगावात त्या गोल झोपड्या होत्या, त्याच सुमाराच्या एकांड्या माश्या पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर जशाच्या तशा सापडल्या आहेत. सुमारे २९७५ वर्षांपूर्वी जमिनीतल्या कोठड्यांत, कोशातून बाहेर पडण्याआधीच त्या मेल्या आणि कोशासकट टिकून राहिल्या. २०२३ मध्ये ही बातमी जगभर गेली. इनामगावच्या भिंतींत कोणी राहत होते की काय, हे त्या भिंतींवरून सांगता येत नाही. मातीची भिंत ढासळली की भोक उरत नाही.

मातीच्या भिंतीतही माशीची स्वतःची आवडनिवड होतीच. दर्शनी भिंत गिलावा केलेली, सणावाराला शेणाने सारवलेली. तिथे रोज हात फिरणार, प्रत्येक भोक बुजणार. तिच्या कामाची असे ती मागची भिंत, गोठ्याची, परसाची, जिच्याकडे कोणी बघत नाही आणि जी वळचणीखाली असल्याने पावसातही कोरडी राहते. वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर पडावे म्हणून माणसाने छपराचे वासे पुढे काढले. त्यामुळे भिंत वाचली आणि भिंतीतली कोठडीही. वाशांच्या बांबूंची कापलेली टोके भुंग्यांसाठी आणि चिखलाचे काम करणाऱ्या माश्यांसाठी. एकाच घरात तीन प्रकारची बिऱ्हाडे, आणि भाडे कोणाचेच नाही.

ब्रिटिश अमलात मातीला दर्जा लागला. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमीन पाहणी सुरू केली आणि पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली. मातीची खोली आणि रंग पाहून आण्यांत प्रत ठरवायची, त्यावर शेतसारा. खोल काळी माती वरच्या प्रतीची. उथळ, मुरमाड, उताराची माती तळाची. आणि जी पिकूच शकत नाही ती सरळ पोटखराबा. या हिशेबात काहीही गैर नव्हते, कारण सरकारला पीक हवे होते. मात्र त्यातून एक सवय रुजली : ज्या जमिनीवर पीक नाही ती रिकामी. माशीच्या खात्यात याच्या उलट हिशेब. सरकारी प्रतीत दोन-चार आण्यांची जमीन तिच्या दृष्टीने सोळा आणे.

कात्रजचा उतार हा असाच, मुरमाचा आणि पातळ मातीचा. पेशव्यांना तिथली जमीन पिकवायची नव्हती, तिथले पाणी हवे होते. डोंगरातून येणारे ओढ्याचे पाणी अडवून तलाव केला आणि तेथून दगडचुन्याचा बंदिस्त नळ बांधून, केवळ उताराच्या बळावर, ते पाणी शनिवारवाड्यात आणि शहरातल्या हौदांत सोडले. नळात माणूस शिरू शकतो. अंतराअंतरावर हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास ठेवले. पुण्याच्या जलव्यवस्थेवर याआधी पुष्कळांनी लिहिले आहे, तेव्हा येथे फक्त चुन्याबद्दल. घाणीत मळलेला, नीट मुरलेला चुना घट्ट बसतो, पाणी अडवतो आणि माशीलाही अडवतो. ताज्या पेशवेकालीन बांधकामात तिला शिरकाव नव्हता. परंतु डागडुजी थांबली, पावसाने सांधे धुतले, चुना भुसभुशीत झाला, की निळ्या पट्ट्यांची माशी अशा सांध्यांत बीळ कोरते. पोटावर फिकट निळे चमकदार पट्टे असलेली ही माशी वांग्या-टोमॅटोच्या फुलांवर लोंबकळून अंग थरथरवते व पराग झाडून घेते. पिकाला तिचा उपयोग मोहोळाच्या माशीहून अधिक, कारण मोहोळाच्या माशीला ती थरथर साधत नाही. साम्राज्य खचल्यावर तिला घर मिळाले, असे म्हणण्याचा मोह होतो; पण मातीच्या भिंतींत ती त्याआधीही सुखाने राहत होतीच.

मग ही फारकत झाली कधी? पुण्यापुरते बोलायचे तर १२ जुलै १९६१ ही तारीख टाळता येत नाही. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरले. दगडी जोत्यावरची माती-विटांची घरे पाण्यात बसली. पांढऱ्या मातीचा एक दोष हा की कोरडी असेपर्यंत ती दगड असते आणि बुडाली की चिखल होते. त्यानंतर ज्याला शक्य झाले त्याने सिमेंटात घर बांधले. उर्वरित महाराष्ट्राला तोच धडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत मिळाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, या घरांखाली हजारो माणसे झोपेत गाडली गेली. पुनर्वसनाची गावे सिमेंटात उभी राहिली.

यामुळे मातीच्या घरांविषयीचा गोड गळा काढणे येथे शोभत नाही. जी भिंत माशीला उत्तम ती माणसाला प्राणघातक ठरली, आणि माणसाने ती सोडली हे रास्तच झाले. प्रश्न वेगळा आहे. तीन हजार वर्षे गावाची पांढरी, परसातली भिंत, वासे आणि डोंगराचा उतार अशा चार ठिकाणी विभागलेले बिऱ्हाड दोन पिढ्यांत एकाच ठिकाणी येऊन थांबले. भिंत सिमेंटची झाली, वासे लोखंडाचे झाले, अंगणात फरशी आली. पुण्याच्या दक्षिणेस आता उरला तो उतार.

आणि त्या उताराचा इतिहास सध्या वेगाने लिहिला जात आहे. मुंबई-बंगळूर महामार्ग कात्रजवरून जातो, घाटाला पर्यायी बोगदा झाला, शहर तलावाला वेढून घाटाच्या पायथ्याशी पोचले. टेकड्या फोडून सपाट केलेल्या जागा पाहायला फार दूर जावे लागत नाही. समाविष्ट गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे, त्यावरून वर्षानुवर्षे वाद आहेत. त्या वादात झाडे मोजली जातात, कधी पक्षी, कधी फुलपाखरे. उघड्या मुरमाड जागेच्या बाजूने बोलणारा विरळा. वृक्षारोपणाच्या उत्साहात तीच जागा ‘ओसाड’ म्हणून प्रथम खणली जाते. १८३५ ची प्रतवारी कागदावरून गेली, नजरेतून गेलेली नाही.

सर्वांत अवघड प्रकरण ओढ्याचे आहे. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि शहरातून वाहत मुठेला मिळतो. त्याचे उभे, कापल्यासारखे मातीचे काठ ही एकांड्या माश्यांना आवडणारी जागा : पाणी साचत नाही, गवत वाढत नाही, उभ्या भिंतीत आडवे बीळ खणता येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला. माणसे वाहून गेली, काठच्या सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या. तेव्हापासून सिमेंटच्या सीमाभिंतीची मागणी होत आहे, आणि ज्याने ती रात्र पाहिली त्याला त्या मागणीत चूक दाखवणे कोणाला शक्य नाही. पानशेत आणि किल्लारीनंतर झाला तोच व्यवहार येथे पुन्हा होत आहे. फरक एवढाच की तेव्हा माशीला मागे सरकायला डोंगर होता.

या माश्यांच्या स्थलांतराविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पुष्कळ जातींची मादी जिथे जन्मली त्याच्या आसपासच घर करते. त्यामुळे एखाद्या हातभर उघड्या जागेत वर्षानुवर्षे शेजारी शेजारी बिळे दिसतात, जणू आळीच वसली आहे. ती आळी एका जेसीबीने उठली तर पलीकडच्या टेकडीवर आपोआप वसत नाही. एकांडा स्वार चाकरी सुटली की घोडे हाकून दुसऱ्या सरदाराकडे जाई. एकांड्या माशीची झेप काही शेकडो मीटरांची.

डोंगर फोडण्याची कामे बहुधा पाऊस थांबल्यावर जोर धरतात. माती कोरडी असते, गाड्या रुतत नाहीत. त्या दिवसांत उडणाऱ्या माश्या थोड्या दिसतात म्हणून उतार रिकामा वाटतो. अनेक जातींची पुढची पिढी तेव्हा जमिनीतच असते, वीतभर खोल, लिंपलेल्या दाराआड, कोशात. मुरूम गाड्यांत भरला जातो आणि कुठल्या तरी इमारतीच्या जोत्यात भराव म्हणून पडतो. कोठड्याही त्याच गाड्यांतून जातात.